उसने चेहरे

अशी कल्पना करा, की नरकचतुर्दशीची पहाट आहे. पाटाभोवती रांगोळी काढली आहे, अंगाला तेल चोळून झाले आहे, उटण्याचा हात अजून पाठीवरून फिरतो आहे आणि तुम्ही कमरेला पंचा लावून, कुडकुडत, कढत पाण्याची वाट पाहत बसला आहात. इतक्यात दार उघडे पाहून तीस अनोळखी माणसे आत येतात. प्रत्येकाच्या गळ्यात कॅमेरा. एक जण तुमच्यासमोर उकिडवा बसतो, एक चक्क पालथा पडतो, एक मोरीच्या कठड्यावर चढतो आणि एक बाई गोड आवाजात सांगतात, "आजोबा, इकडे नका बघू. मघाशी होतात तसेच राहा." पाच मिनिटांत सगळे आले तसे निघून जातात. जाता जाता एक दुसऱ्याला म्हणतो, "काय अस्सल आहे हो!"

तुम्ही काय कराल? पुणेकर असाल तर हे विचारण्याचीही गरज नाही. पाडव्यापर्यंत दारावर पाटी लागलेली असेल.

आता कबुली देतो. ही तीस माणसे म्हणजे आमचे छायाचित्रण मंडळ, आणि मोरीच्या कठड्यावर चढलेला गृहस्थ म्हणजे मी. फरक एवढाच, की आम्ही सदाशिव पेठेतल्या वकिलाच्या किंवा कोथरूडमधल्या निवृत्त प्राध्यापकाच्या न्हाणीघरात असे शिरत नाही. आम्ही तांबट आळीत शिरतो, कुंभारवाड्यात शिरतो, बुरूड आळीत शिरतो. तिथे घराचा उंबरा आणि दुकानाची पायरी एकच असते, आणि त्या पायरीला आम्ही 'सार्वजनिक जागा' म्हणतो.

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी साडेसहाला शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापाशी आम्ही जमतो. तिथून कसब्यातून तांबट आळी, मग बोहरी आळी, तुळशीबाग, मंडई, आणि अंगात रग उरली असेल तर जुना बाजार. शेवटी मिसळ. मंडळाचे नाव मी लिहीत नाही. एक तर मी अजून त्याचा वर्गणीदार आहे, आणि दुसरे म्हणजे जे मी सांगणार आहे ते एका मंडळापुरते नाही. २००८ सालापासून तर एकाच दिवशी जगभरच्या शहरांतून अशा फेऱ्या निघतात. कॅमेरे निरनिराळे, पण रीत सगळीकडे तीच.

ह्या फेऱ्यांतून आम्ही काय टिपतो, ते एकदा पाहण्यासारखे आहे. जुना लाकडी दरवाजा आणि त्याची कडी. चष्म्याला दोरा बांधलेले आजोबा. खिडकीत बसलेली मांजर. भिंतीला टेकवलेली सायकल. मंडईच्या अष्टकोनी मनोऱ्यातून उतरणारा उन्हाचा पट्टा आणि त्याच्याखाली डोक्यावर पाटी घेतलेला हमाल. मागे प्लास्टिकची पाण्याची टाकी दिसत असेल तर ती आम्ही कातरतो. हमालाच्या कानाशी मोबाइल असेल तर तो खाली ठेवीपर्यंत थांबतो. ही मंडई १८८६ साली उभी राहिली. तिच्यावर होणाऱ्या खर्चाला जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला होता, तो पैसा शिक्षणाकडे जावा म्हणून. आणि पुढे तिला नाव दिले गेले ते त्यांचेच. २०२४ साली तिच्याखालून मेट्रो धावू लागली. इतके सगळे त्या जागेत साठलेले असताना आमच्या फोटोंत ती मंडई अजून १८८६ सालातच उभी आहे, आणि आम्हाला त्याचा अभिमान आहे.

ह्यात एक गंमत आहे, तीही सांगून टाकतो. आमच्या मंडळातले निम्मे सभासद मूळचे पेठेतलेच. माझे वडील शनिवारातल्या ज्या वाड्यातून संडासाच्या रांगेला आणि पावसाळ्यात गळणाऱ्या कौलांना कंटाळून बाहेर पडले, त्याच वाड्याच्या जिन्याचा मी काढलेला फोटो आज माझ्या दिवाणखान्यात आहे. पाहुणे येतात आणि म्हणतात, 'काय दिवस होते ते!' वडील हयात असते तर त्यांनी पाहुण्यांना सांगितले असते काय दिवस होते ते.

पण वाड्याचा जिना बोलत नाही. माणसाचे तसे नाही.

२०१९ च्या फेब्रुवारीत आमची फेरी बुरूड आळीत गेली होती. एका दुकानाच्या पायरीवर साठीच्या आसपासची एक बाई परडी विणत बसली होती. बांबूच्या ओल्या कामट्या पायाच्या अंगठ्याखाली दाबून ती अशा झपाट्याने ओढत होती, की बोटे दिसत नव्हती. मी तिचे पंधरा-वीस फोटो घेतले. शेवटच्यात ती तोंडाला पदर लावून हसली आणि तो फोटो मला साधला. साधला म्हणजे असा, की मला स्वतःलाच खरे वाटेना. मागची काळवंडलेली भिंत, विटलेली साडी, आणि मध्ये ते हसू. डिसेंबरात मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात तो लागला आणि त्याला दुसरे बक्षीस मिळाले. खाली चिठ्ठी होती : 'दारिद्र्यातील हसू'. नाव मीच दिले होते, आणि मला ते फार आवडले होते.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी तिशीतला एक मुलगा आला. पाठीवर ऑफिसची सॅक. बराच वेळ तो त्या फोटोपुढे उभा होता. मग माझ्याकडे येऊन म्हणाला, "काका, हा फोटो तुमचा का?"

मी 'हो' म्हटले. कौतुकाला तोंड देण्याची तयारी करून म्हटले.

"ही माझी आई."

मी काहीतरी पुटपुटलो. छान, छान, असे काहीतरी.

"आमच्या ऑफिसातल्या एकाने हा फोटो मोबाइलवर सगळ्यांना पाठवला. त्याला ठाऊक नव्हते ही कोण ते. सगळ्यांनी खाली हात जोडल्याची चित्रे टाकली." तो जरा थांबला. "काका, दारिद्र्य तुम्हाला कुठे दिसले?"

मी साडीकडे बोट दाखवले नाही, पण माझी नजर तिकडे गेली असावी.

"बांबूची कुसळे लागून साडी फाटते. चांगली साडी नेसून कोण बसेल कामाला? तुम्ही मोटार दुरुस्त करताना कोट घालता का? आणि ती भिंत दुकानाची आहे. आमचे घर धायरीला आहे, दोन खोल्या आणि हॉल. माझ्या इंजिनीअरिंगची फी ह्याच परड्यांतून गेली. कर्ज नव्हते काढले." हे सगळे तो न रागावता सांगत होता. तो रागावला असता तर मला सोपे गेले असते. "आणि ती का हसत होती ते तरी विचारले होतेत?"

"नाही."

"तुमच्यातले एक गृहस्थ कॅमेऱ्याला डोळा लावून मागे सरकता सरकता टोपल्यांच्या ढिगात बसले म्हणून. दोन परड्या मोडल्या. पैसे द्यायचे कोणाला सुचले नाही."

त्याने फोटो काढून टाका असे म्हटले नाही. नुकसानभरपाई मागितली नाही. फक्त ती चिठ्ठी काढायला सांगितली. मी ती काढली, आणि त्या जागी काय लिहावे हे मला त्या संध्याकाळी सुचले नाही. तिचे नाव लिहायला हवे होते. ते मला माहीत नव्हते. बक्षीस मिळालेल्या चेहऱ्याचे नाव मला माहीत नव्हते, आणि कॅमेऱ्याचे, भिंगाचे आणि कागदाचे नाव मात्र चिठ्ठीच्या खालच्या ओळीत ठसठशीत छापलेले होते.

हा प्रकार नवा आहे असे मानण्याचे कारण नाही. कॅमेरा आपल्याकडे आला तोच मुळी माणसांचे नमुने गोळा करण्याच्या कामाला जुंपला गेला. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था निघाली. विल्यम जॉन्सन नावाच्या गृहस्थाने १८६३ आणि १८६६ साली मुंबईतल्या जातीजमातींचे दोन खंड काढले. त्यांत माणसांचे फोटो वेगळे घेऊन ती आकृती कातरून निराळ्याच देखाव्यावर बसवलेली आहे. म्हणजे माणूस एकीकडचा आणि पार्श्वभूमी दुसरीकडची. पुढे १८६८ ते १८७५ ह्या काळात सरकारी आश्रयाने 'द पीपल ऑफ इंडिया' ह्या नावाचे आठ खंड प्रसिद्ध झाले. प्रत्येक फोटोखाली त्या जातीचा स्वभाव काय, ती राजनिष्ठ की उपद्रवी, ह्याचे शेरे. सर सय्यद अहमद खान १८६९ साली लंडनला गेले असता तिथल्या इंडिया ऑफिसात त्यांनी आणि त्यांच्या मुलाने हे पुस्तक पाहिले. तेवढ्यात एका तरुण इंग्रजाने ते पाहून मुलाला विचारले, तू हिंदुस्थानी का? मुलगा हो म्हणाला, पण म्हणताना त्याचा चेहरा उतरला, आणि आपले पूर्वज बाहेरून आलेले, आपण ह्या चित्रांतल्यांपैकी नव्हे, असा खुलासा त्याने घाईघाईने केला. ही हकीकत सर सय्यदांनी स्वतः लिहून ठेवली आहे. मी ती पूर्वी वाचली होती आणि इंग्रजांना मनसोक्त शिव्या दिल्या होत्या. हिंजवडीतल्या एका ऑफिसात बसलेल्या मुलाचा चेहरा माझ्या चिठ्ठीने तसाच उतरवला असेल, हे मला दीडशे वर्षांनी कळले.

कोणी म्हणेल, हे फार झाले. साहेबाचे राज्य कुठे आणि रविवारची हौस कुठे! मान्य. आम्ही कोणावर राज्य करीत नाही; आम्हाला आमच्या सोसायटीचा चिटणीससुद्धा जुमानत नाही. पण चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार कोणाकडे आहे, एवढेच पाहा. फोटो आमचा, नाव आमचे, बक्षीस आमचे, आणि ती बाई गरीब की श्रीमंत, सुखी की दुःखी, हे ठरवणेही आमचेच. तिच्याकडे उरले काय, तर दोन मोडक्या परड्या.

आमच्या मंडळात ह्यावर वाद होतो तेव्हा तीन उत्तरे हमखास येतात. पहिले कायद्याचे : रस्त्यावर उभे राहून फोटो काढणे हा गुन्हा नाही. बरोबर आहे, नाही. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये फिलिप लोर्का डिकोर्शिया ह्या छायाचित्रकाराने दिवे उंचावर लपवून, वीस फुटांवरून, येणाऱ्याजाणाऱ्यांचे चेहरे त्यांच्या नकळत टिपले. त्यांतल्या एका वृद्ध सनातनी ज्यू गृहस्थाला आपली प्रतिमा करणे धर्माविरुद्ध वाटत होते. ती हजारो डॉलरांना विकली गेल्याचे कळल्यावर तो कोर्टात गेला, आणि २००६ साली हरला. ही कला आहे, आणि कलेला स्वातंत्र्य आहे, असे न्यायालयाने म्हटले. आपल्याकडे २०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तरी त्याने रस्त्यावरचा कॅमेरा बंद पडलेला नाही, आणि पडू नये असेच मीही म्हणतो. पण कायदा अडवीत नाही ते सगळे करावे, असे आपण घरात मुलांना शिकवतो का? पाहुण्यांपुढचा अख्खा फराळ संपवणे हाही गुन्हा नाही.

दुसरे उत्तर कलेचे. विचारले की सहजपणा जातो, माणूस ताठ बसतो, केसांवरून हात फिरवतो, फोटो मेला. ह्या आक्षेपात तथ्य आहे आणि मी तो टोलवणार नाही. पालखी पुण्यात येते, विसर्जनाची मिरवणूक लक्ष्मी रस्त्यावर येते, त्या गर्दीत कोणी कोणाला विचारीत बसावे असे माझे म्हणणे नाही. गर्दी ही गर्दी म्हणून तिथे आलेली असते, बघायला आणि दिसायला. बातमीचा फोटो तर विचारून काढताच येणार नाही. माझा वाद आहे तो एकट्या चेहऱ्याबद्दल, चार हातांवरून, कामात गढलेल्या माणसाबद्दल. त्याला आधी विचारले नाही, तर नंतर विचारता येते. फोटो काढून झाल्यावर पुढे होऊन दोन शब्द बोलायला कोणता सहजपणा आडवा येतो? खरे कारण सहजपणा नव्हे, भीड हे आहे. आम्हाला बोलायची लाज वाटते. फोटो काढायची वाटत नाही.

शिवाय कोणाचा सहजपणा, हाही प्रश्न आहेच. तांबट आळीत मठारकाम चालते ते पाहा. तांब्याचे भांडे लोखंडी दांड्यावर धरून हातोड्याच्या टोल्याशेजारी टोला अशा ओळी घालत जायच्या. त्यानेच पत्र्याला बळकटी येते आणि त्या सारख्या पडलेल्या खळग्यांवर ऊन चमकते. एक टोला तिरका पडला तर ओळ बिघडते आणि ती डोळ्यांना कायमची बोचते. अशा कामाच्या भोवती तीस माणसे कोंडाळे करून उभी राहतात आणि म्हणतात, आमच्याकडे लक्ष देऊ नका, तुमचे चालू द्या! एका म्हाताऱ्या तांबटाने आमच्यापुढे हातोडी खाली ठेवली आणि विडी पेटवली. आम्हाला वाटले, काय सुंदर विसावा! आम्ही तोही टिपला. तो बिचारा आम्ही जाण्याची वाट पाहत होता.

तिसरे उत्तर, 'त्यांना आवडते.' हेही खरे आहे. पोरे धावत येतात, 'काका, माझा काढा, माझा काढा' म्हणून हात ओढतात. तुळशीबागेतला बांगडीवाला ओळखीचा झाल्यावर स्वतः दिवा लावून उभा राहतो. आवडतेच, कोणाला आवडणार नाही? आणि मग ते एकच विचारतात, 'फोटो कधी देणार?' आम्ही म्हणतो, 'देऊ की.' गेल्या अकरा वर्षांत मी हे 'देऊ की' किती वेळा म्हटले असेन ह्याचा हिशेब माझ्याकडे नाही. फोटोंचा आहे. चौदा हजारांच्या वर आहेत, एका डबीत.

पूर्वी असे नव्हते. जत्रेत पेटीचा कॅमेरा घेऊन बसणारा फोटोवाला गिऱ्हाइकाला समोर बसवी, काळ्या कापडात डोके खुपशी, आणि घटकाभरात ओला फोटो त्याच्या हातात ठेवी. गिऱ्हाईक पैसे मोजी आणि फोटोचा धनी होई. कसा दिसायचा, हातात घड्याळ दिसू द्यायचे की पुस्तक, हे ज्याचे तो ठरवी. ती ताठ बसलेली, श्वास रोखलेली माणसे आम्हाला आज हास्यास्पद वाटतात. पण त्या फोटोत एकही माणूस दुसऱ्याच्या नजरेतला 'नमुना' नाही. आता बसणारा गिऱ्हाईक राहिलेला नाही, तो माल झाला आहे, आणि माल स्वतःचा फोटो मागत नाही.

छापील फोटोची किंमत मला दुसऱ्या कोणी शिकवायला नको होती. आमच्या घरात १९६१ सालच्या आधीचा एकही फोटो नाही. त्या वर्षी १२ जुलैला पानशेतचे धरण फुटले आणि शनिवारातल्या आमच्या खोल्यांत शिरलेल्या पाण्याने फोटोंची ट्रंक नेली. माझी आजी त्याच्या आधीच गेली होती. ती कशी दिसत होती ते मला ठाऊक नाही. आत्या म्हणायची, तुझे नाक तिच्यासारखे आहे. आरशात नाक बघण्यापलीकडे माझ्याजवळ तिचे काही नाही. आणि असा मी, ज्याच्या डबीत कसब्यातल्या, रविवारातल्या, गंज पेठेतल्या शेकडो आज्या पडून आहेत, ज्यांच्या नातवंडांना त्यांची खबरही नाही.

आपल्याकडे उसने ह्या शब्दाला एक रीत आहे. शेजारून वाटीभर साखर आणली तर वाटी परत जाते, आणि रिकामी जात नाही. निदान चार शेवया, एक करंजी, काहीतरी घालून जाते. चेहरा उसना आणला तर परत करायचा नाही, ही रीत कोणी घातली?

मी ती मोडायला लागलो, पण फार वेळाने. त्या मुलाला शब्द दिला होता तरी मध्ये टाळेबंदी आली, मग आळस आला, आणि बुरूड आळीत मी फोटो घेऊन गेलो तो २०२१ च्या फेब्रुवारीत. बाई होत्या. मी ओळख दिली, माफी मागितली, परड्यांचे पैसे पुढे केले. पैसे त्यांनी घेतले. मग चष्मा लावून फोटो पाहिला, चांगला न्याहाळून पाहिला, आणि मी ज्या हसण्यावर बक्षीस मिळवले होते तिकडे त्यांची नजर क्षणभरही थांबली नाही.

"दादा, ही परडी वाकडी झालीय," त्या म्हणाल्या. "काठ बघा की. त्या दिवशी शेजारी चांगली सुपं रचली होती, ती का नाही घेतली?"

मग त्यांनीच सांगितले तसा फोटो घेतला. मागे सुपांची रास, पुढे टोपल्या चढत्या मापाने लावलेल्या, मध्ये त्या, हिरव्या साडीत, सरळ बघत. फोटो म्हणून तो साधारणच आहे, कुठल्या प्रदर्शनात लागणार नाही. त्यांच्या दुकानात मात्र लागला आहे, आणि खाली दुकानाचे नाव आहे. दारिद्र्य त्यात मला कितीही शोधून सापडत नाही.

तेव्हापासून प्रत्येक फेरीला मागच्या फेरीचे छापील फोटो मी पाकिटात घालून नेतो. पोस्टकार्डाएवढा एक फोटो छापायला आमच्या मिसळीच्या एका प्लेटीहून बराच कमी खर्च येतो. सगळे लोक भेटत नाहीत. भेटतात त्यांच्यापैकी काही म्हणतात, मी एवढा काळा आहे का, आणि एकाने फोटो पाहून सरळ फाडला. तो त्याचा अधिकार होता. एका कुंभाराने आधीच हात आडवा केला, 'फोटो नको.' मी कॅमेरा खाली घेतला आणि आम्ही दोघे मातीबद्दल बोलत बसलो. त्या फेरीत माझा एकही फोटो साधला नाही.

मंडळापुढे मी लेखी ठराव ठेवला आहे. फेरीत दहाच्या वर माणसे एका आळीत नकोत. ओळखू येईल असा चेहरा प्रदर्शनात लावायचा तर त्या माणसाची परवानगी आणि त्याचे नाव हवे. मथळा त्याला वाचून दाखवलेला हवा. आणि पुढच्या फेरीला येताना मागचे छापील फोटो आणल्याशिवाय नवे काढायचे नाहीत. अध्यक्षांनी तो वाचला आणि विचारले, "मग फोटो काढायचे कधी?" चिटणीसांचे मत, की ह्याने नवे सभासद यायचे थांबतील. एका भगिनींनी विचारले, की मांजरांचीही परवानगी घ्यायची का. सभेत हशा झाला, मीही हसलो.

वार्षिक सभा दिवाळीनंतरच्या रविवारी आहे. ठराव पडणार हे मला दिसते आहे. अनुमोदक एकच मिळाला आहे, तोही टोपल्यांत बसलेला तो गृहस्थ, आणि त्याचा कॅमेरा सध्या दुरुस्तीला गेला आहे.